बेटर: ‘अधिक चांगला’ कधी म्हणायचं आणि ‘बरं’ कधी

गुड, बेटर, बेस्ट ही तीन रूपं शाळेतच तोंडपाठ होतात आणि ‘बेटर म्हणजे अधिक चांगला’ एवढ्यावर बहुतेकांचा अभ्यास थांबतो. मग कुणी ‘यू हॅड बेटर लीव्ह नाउ’ म्हणालं, की त्यात ‘अधिक चांगला’ बसवायचा कुठे ते कळत नाही. ‘आय ॲम बेटर’ म्हणणारा बढाई मारतोय की तब्येतीबद्दल सांगतोय, हेही लगेच उमगत नाही. ‘द बेटर पार्ट ऑफ ॲन अवर’ याचं भाषांतर तर हमखास ‘तासाचा चांगला भाग’ असं होतं, आणि ते साफ चुकतं.

माझं मत असं, की हा शब्द समजून घ्यायला मराठी माणसाला ‘अधिक चांगला’ फारसा उपयोगी पडत नाही. एक तर आपण बोलताना तसं म्हणतच नाही. ‘त्याच्यापेक्षा चांगला’ म्हणतो. शिवाय ‘बेटर’चे कितीतरी उपयोग आपल्या ‘बरं’शी थेट जुळतात: बरं वाटतंय, बरा झाला, निघालेलं बरं, बराच वेळ. हे दोन शब्द एकमेकांपासून आलेले नाहीत, पण त्यांचं वागणं इतकं सारखं आहे की त्याचा फायदा न घेणं म्हणजे हातचं सोडणं. तेव्हा ‘-पेक्षा चांगला’ आणि ‘बरं’ असे दोन अर्थ जवळ ठेवून पुढे जाऊ.

पहिली पायरी: रूप कुठून आलं

‘टॉल’चं ‘टॉलर’ होतं, ‘स्मॉल’चं ‘स्मॉलर’ होतं, मग ‘गुड’चं ‘गुडर’ का नाही? कारण ‘बेटर’ मुळात ‘गुड’पासून निघालेलाच नाही. जुन्या इंग्रजीत तो ‘बेटेरा’ असा होता आणि त्याचं मूळ वेगळं होतं. जर्मनमध्ये आजही ‘गूट’चं (म्हणजे ‘गुड’चं) तरभावाचं, म्हणजे तुलनेचं, रूप ‘बेसर’ होतं, डचमध्ये ‘बेटर’. एका शब्दाची रूपं दोन वेगळ्या मुळांतून यावीत यात नवल काही नाही. आपणही ‘जातो’ म्हणतो आणि भूतकाळात ‘गेला’, ‘येतो’ म्हणतो आणि ‘आला’. मराठी बोलणाऱ्याला ‘जाला’ का नाही असा प्रश्न पडत नाही, तसा इंग्रजी बोलणाऱ्याला ‘गुडर’चा पडत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हिंदी-उर्दूतला ‘बेहतर’ आणि इंग्रजीतला ‘बेटर’ एकच असावेत असं पुष्कळांना वाटतं. अर्थ तोच, आवाजही जवळचा; पण हा निव्वळ योगायोग आहे. ‘बेहतर’ फारसीतून आला आहे. त्यातला ‘बेह’ हाच मूळ शब्द आणि ‘तर’ हा तुलनेचा प्रत्यय. तो ‘तर’ आपल्या ‘उच्चतर’, ‘गुरुतर’ यांतल्या संस्कृत ‘तर’चा भाऊबंद आहे. ‘बेटर’मधला ‘टर’ मात्र त्या घरातला नाही.

रूपाबद्दल कामाची गोष्ट एवढीच: ‘बेटर’ हे ‘गुड’चंही तरभावाचं रूप आहे आणि ‘वेल’चंही. म्हणून ते विशेषण म्हणून येतं तसंच क्रियाविशेषण म्हणूनही येतं. ‘शी इज अ बेटर सिंगर’ यात ते गायिकेचं विशेषण आहे, ‘शी सिंग्ज बेटर’ यात गाण्याच्या क्रियेचं. रूप बदलत नाही. ज्या जोडशब्दांची सुरुवात ‘गुड’ किंवा ‘वेल’ने होते, त्यांतही तोच येतो: ‘वेल-पेड’चं ‘बेटर-पेड’, ‘गुड-लुकिंग’चं ‘बेटर-लुकिंग’, ‘वेल-नोन’चं ‘बेटर-नोन’.

दुसरी पायरी: ‘मोअर बेटर’ आणि ‘व्हेरी बेटर’ कायमचे सोडा

मराठी मनातून इंग्रजीत येणारी ही सगळ्यात नेहमीची चूक. ‘जास्त चांगलं’ डोक्यात असतं, म्हणून ‘मोअर बेटर’ येतं. ‘खूप चांगलं’ म्हणायचं असतं, म्हणून ‘व्हेरी बेटर’ येतं. ‘बेटर’मध्ये ‘मोअर’ आधीच मुरलेला आहे. तो दुसऱ्यांदा लावला की तुलना दोनदा होते.

गंमत अशी, की ही दुहेरी तुलना एके काळी इंग्रजांनाही चालत होती. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ या नाटकात ‘मोअर बेटर’ सरळ येतं. पुढे व्याकरणकारांनी असे प्रयोग अशुद्ध ठरवले आणि आजच्या प्रमाण इंग्रजीत ते चूकच मानले जातात.

मग जोर कसा द्यायचा? फरक मोठा असेल तर ‘मच बेटर’, ‘फार बेटर’, ‘अ लॉट बेटर’. बोलताना ‘वे बेटर’सुद्धा. फरक थोडा असेल तर ‘अ बिट बेटर’, ‘अ लिटल बेटर’, ‘स्लाइटली बेटर’. आधीचं चांगलंच होतं आणि हे त्याहूनही चांगलं, असं म्हणायचं असेल तर ‘इव्हन बेटर’. ‘व्हेरी’ला ‘बेटर’च्या शेजारी एकट्याने बसता येत नाही, पण ‘मच’च्या आधी येता येतं: ‘व्हेरी मच बेटर’ बरोबर आहे.

‘मोअर गुड’ मात्र एका ठिकाणी अगदी बरोबर असतं, जिथे ‘गुड’ हे नाम असतं. ‘धिस विल डू मोअर गुड दॅन हार्म’ म्हणजे याने नुकसानापेक्षा भलं जास्त होईल. इथे ‘बेटर’ घातला तर वाक्य मोडेल.

तिसरी पायरी: ‘दॅन’च्या पुढे काय येतं ते दोनदा बघा

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं आहे.’ ऐकणाऱ्याला कळतं की अक्षराची तुलना अक्षराशी आहे, माणसाशी नाही. आपली भाषा इथे मधला शब्द गाळू देते. इंग्रजीत हेच शब्दशः उतरवलं की ‘माय हँडरायटिंग इज बेटर दॅन यू’ होतं आणि त्याचा अर्थ ‘माझं अक्षर तुझ्या व्यक्तीपेक्षा चांगलं’ असा निघतो. बरोबर वाक्य: ‘माय हँडरायटिंग इज बेटर दॅन युअर्स’. वस्तू किंवा कल्पना असेल तर ‘दॅट ऑफ’ किंवा ‘दोज ऑफ’ लागतं: ‘द कॅमेरा ऑफ धिस फोन इज बेटर दॅन दॅट ऑफ द ओल्ड वन’. ही चूक शिकल्यासवरलेल्यांच्या लिखाणातही सर्रास सापडते, म्हणून लिहून झाल्यावर ‘दॅन’वर बोट ठेवून विचारावं: डावीकडे जे आहे त्याच जातीचं उजवीकडे आहे का?

दुसरा सापळा ‘सगळ्यांपेक्षा’चा. ‘तो संघातल्या सगळ्यांपेक्षा चांगला खेळतो’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. इंग्रजीत ‘ही प्लेज बेटर दॅन एनिवन इन द टीम’ म्हटलं तर तर्क अडतो, कारण तो स्वतःही संघातच आहे; तो स्वतःपेक्षा चांगला कसा खेळेल? म्हणून ‘एल्स’ किंवा ‘अदर’ लागतं: ‘बेटर दॅन एनिवन एल्स इन द टीम’, ‘बेटर दॅन एनी अदर प्लेअर’. नाहीतर सरळ ‘द बेस्ट’ वापरावा.

तिसरी गोष्ट सर्वनामाची. ‘बेटर दॅन आय’ म्हणावं की ‘बेटर दॅन मी’? इथला ‘मी’ आपला नव्हे, इंग्रजीतलं कर्माचं रूप आहे. बोलताना ‘दॅन मी’ सर्रास चालतं. फार औपचारिक लिखाणात काही जण ‘दॅन आय’ पसंत करतात. माझा सल्ला, शेवटी क्रियापद जोडून ‘दॅन आय ॲम’ किंवा ‘दॅन आय डू’ म्हणावं, म्हणजे वाद उरत नाही. कधी कधी तर त्यावाचून अर्थच स्पष्ट होत नाही. ‘शी नोज हिम बेटर दॅन मी’ याचे दोन अर्थ होतात: ती त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखते, किंवा ती मला ओळखते त्यापेक्षा त्याला जास्त ओळखते. पहिला अर्थ हवा असेल तर ‘दॅन आय डू’, दुसरा हवा असेल तर ‘दॅन शी नोज मी’.

‘बेटर’नंतर ‘फ्रॉम’ येत नाही आणि तुलनेसाठी ‘टू’ही येत नाही. ‘टू’ लागतं ते ‘प्रिफर’ आणि ‘सुपीरिअर’ला.

चौथी पायरी: ‘बेटर’ म्हणजे ‘चांगला’ असेलच असं नाही

दगडापेक्षा वीट मऊ, असं आपण म्हणतो तेव्हा वीट मऊ असते असं कुणी समजत नाही. ‘बेटर’चंही तसंच. ‘द सेकंड ड्राफ्ट इज बेटर’ म्हणजे दुसरा मसुदा पहिल्यापेक्षा सरस, इतकंच. तो चांगला आहे की नाही यावर वाक्य गप्प आहे. कुणी तुमच्या कामाला ‘बेटर’ म्हटलं तर आनंद जरूर व्हावा, पण ते ‘गुड’ म्हणाले नाहीत हेही लक्षात घ्यावं. उलट बाजूने, एखाद्याचं काम खरोखर चांगलं झालं असेल तर ‘बेटर’वर थांबू नका. ‘आधी बरोबर नव्हतं’ असा अर्थ त्यातून उगाच निघतो. ‘धिस इज रिअली गुड’ म्हणा.

दोनच पर्याय असतील तर ‘बेटर’, तीन किंवा जास्त असतील तर ‘बेस्ट’. दोघांतल्या एकाकडे बोट दाखवताना ‘बेटर’च्या आधी ‘द’ येतो: ‘द बेटर ऑफ द टू’. बोलताना लोक दोघांतल्या एकालाही ‘बेस्ट’ म्हणून टाकतात, पण परीक्षेत आणि औपचारिक लिखाणात हा नियम पाळावा.

पाचवी पायरी: तब्येतीचा ‘बेटर’

आता ‘बरं’चा प्रांत सुरू होतो. ‘आय फील बेटर’ म्हणजे मला बरं वाटतंय. ‘गेटिंग बेटर’ म्हणजे सुधारणा होतेय. ‘इज युअर फादर बेटर नाउ?’ म्हणजे वडिलांना आता बरं आहे का? या वाक्यांत ‘दॅन’ नसतो. तुलना आजारपणाशी आहे आणि ती न सांगता कळते.

इथे एक संदिग्धता आहे, आणि ती मराठीतही जशीच्या तशी आहे. ‘तो बरा आहे’ म्हणजे पूर्ण बरा झाला, की आधीपेक्षा ठीक आहे? ‘ही इज बेटर’चंही तसंच होतं. निश्चित सांगायचं असेल तर ‘अ बिट बेटर’ म्हणजे थोडं बरं, ‘मच बेटर’ म्हणजे बरंच बरं आणि ‘कम्प्लीटली बेटर’ म्हणजे ठणठणीत. हा ‘कम्प्लीटली बेटर’ फक्त तब्येतीच्या अर्थाने चालतो. ‘धिस बुक इज कम्प्लीटली बेटर’ कुणी म्हणत नाही, कारण तुलना कधी ‘पूर्ण’ होत नसते.

एवढं मात्र सांभाळा: मराठीत ‘ठीक आहे, बरा आहे’ असं आपण मध्यम दर्जासाठीही म्हणतो. पुस्तक कसं आहे? बरं आहे. हा ‘बरा’ ‘बेटर’ नव्हे. तिथे इंग्रजीत ‘इट्स ओके’ किंवा ‘इट्स ऑल राइट’ म्हणतात.

सहावी पायरी: ‘हॅड बेटर’

या शब्दाचा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी प्रयोग हाच. रचना ठरलेली आहे: ‘हॅड’, मग ‘बेटर’, मग क्रियापदाचं मूळ रूप. ‘वुई हॅड बेटर लीव्ह’. ‘टू लीव्ह’ नाही, ‘लीव्हिंग’ नाही, ‘लेफ्ट’ तर नाहीच.

‘हॅड’ दिसला की भूतकाळ समजायची सवय असते, आणि म्हणून हे वाक्य चुकीचं वाचलं जातं. गोष्ट आत्ताची किंवा लगेच पुढची असते. हे पटवायला मराठीपेक्षा चांगला शिक्षक नाही. ‘आपण आता निघालेलं बरं’ हे वाक्य जवळून बघा. ‘निघालेलं’ हे रूप भूतकाळाचं आहे, पण अजून कुणी निघालेलं नाही, निघायचं आहे. रूप मागचं, अर्थ पुढचा. ‘हॅड बेटर’मध्ये नेमकं हेच घडतं. शिवाय ‘बरं’च्या जागी ‘बेटर’ बसलेलाच आहे. म्हणून ‘हॅड बेटर’ दिसला की मनात ‘-लेलं बरं’ म्हणा: ‘वुई हॅड बेटर चेक द टिकेट्स’, तिकिटं एकदा बघितलेली बरी.

नकारात ‘नॉट’ हा ‘बेटर’च्या नंतर येतो: ‘यू हॅड बेटर नॉट टेल हिम’, त्याला न सांगितलेलं बरं. प्रश्नात मात्र ‘हॅडन्ट’ पुढे येतो: ‘हॅडन्ट वुई बेटर कॉल हर?’, तिला फोन केलेला बरा नाही का?

बोलताना ‘हॅड’ आखडून नुसता ‘ड’ उरतो: ‘यूड बेटर’, ‘आयड बेटर’. घाईत तोही गळतो आणि ‘यू बेटर गो’ ऐकू येतं. ऐकून समजावं, मित्राला मेसेज करताना वापरलं तरी हरकत नाही, पण अर्जात किंवा निबंधात ‘हॅड’ पूर्ण लिहावा. आखडलेल्या ‘ड’मुळे पुष्कळांना तिथे ‘वुड’ आहे असं वाटतं. ‘आय वुड बेटर’ असा प्रयोग नाही. ‘वुड’ येतो तो ‘रादर’सोबत: ‘आयड रादर स्टे’ म्हणजे मला थांबायला जास्त आवडेल. ‘आयड बेटर स्टे’ म्हणजे थांबलेलं बरं, नाहीतर अडचण होईल. पहिल्यात आवड आहे, दुसऱ्यात गरज.

आणि ही ‘नाहीतर’ची छटा फार महत्त्वाची आहे. ‘हॅड बेटर’च्या मागे नेहमी एक न बोललेला परिणाम उभा असतो. स्वतःबद्दल किंवा ‘आपण’ म्हणून बोलताना तो बोचत नाही. ‘यू’ आला की त्याला धार चढते. कार्यालयात वरिष्ठांना नम्रपणे सुचवायचं म्हणून कुणी लिहितं, ‘यू हॅड बेटर सेंड द फाइल बाय फाइव्ह’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘पाचपर्यंत फाइल पाठवलीत तर बरं होईल’ असं असतं. वाचणाऱ्याला ऐकू येतं, ‘पाचपर्यंत फाइल पाठव, नाहीतर बघ.’ मराठीतलं ‘बरं होईल’ विनंतीला चालतं, इंग्रजीतलं ‘हॅड बेटर’ चालत नाही. इथे ‘कुड यू प्लीज सेंड’ लिहावं. पर्याय सुचवायचा असेल तर ‘इट माइट बी बेटर टू’ने सुरुवात करावी.

दोन मर्यादा आणखी. सर्वसाधारण शहाणपण सांगायला ‘हॅड बेटर’ वापरत नाहीत. मराठीत ‘माणसाने कमी बोललेलं बरं’ हे कायमचं सूत्र म्हणूनही चालतं, पण इंग्रजीत तिथे ‘इट इज बेटर टू स्पीक लेस’ किंवा ‘शुड’ येतो. आणि होऊन गेलेल्या गोष्टीबद्दलची हळहळ ‘शुड हॅव’ने व्यक्त होते. ‘काल निघायला हवं होतं’ याला ‘वुई शुड हॅव लेफ्ट यस्टर्डे’.

सातवी पायरी: पुढचं अव्यय

‘बेटर’च्या पुढे ‘ॲट’ आला तर कौशल्य: ‘शी इज बेटर ॲट ड्रॉइंग’. इथे ‘इन’ लिहायचा मोह होतो, कारण मराठीत ‘चित्रकलेत’ असतं. ‘फॉर’ आला तर हित: ‘वॉकिंग इज बेटर फॉर यू’. ‘विथ’ आला तर हाताळणी: ‘ही इज बेटर विथ चिल्ड्रन’, त्याला मुलांशी जमवून घेणं जास्त जमतं.

दोन ‘एफ’ असलेला ‘ऑफ’ आला तर परिस्थिती. ‘वेल ऑफ’ म्हणजे सुस्थितीतला, त्याचं ‘बेटर ऑफ’. ‘दे आर बेटर ऑफ नाउ’ म्हणजे आता त्यांचं बरं चाललंय. पैशांपुरतंच हे नाही: ‘यूड बी बेटर ऑफ टेकिंग द ट्रेन’, तुम्ही ट्रेनने गेलेलं बरं. या ‘ड’मध्ये मात्र ‘वुड’ आहे, आणि पुढचं क्रियापद ‘-इंग’चं. ‘हॅड बेटर’शी याची गल्लत होते, म्हणून दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून बघावीत.

आठवी पायरी: ठरलेले वाक्प्रयोग

सगळे पाठ करण्यात अर्थ नाही. जे खरोखर वारंवार भेटतात तेवढे घ्या. ‘द सूनर द बेटर’ म्हणजे जितक्या लवकर तितकं बरं. ‘बेटर लेट दॅन नेव्हर’ म्हणजे न होण्यापेक्षा उशिरा झालेलं बरं. ‘सो मच द बेटर’ म्हणजे मग तर बरंच झालं.

‘द बेटर पार्ट ऑफ’ हा माझा आवडता. इथे ‘बेटर’चा अर्थ ‘मोठा’ असा आहे. ‘वुई वेटेड फॉर द बेटर पार्ट ऑफ ॲन अवर’ म्हणजे आम्ही तासातला बराचसा वेळ थांबलो. चांगला वेळ नव्हे, बराच वेळ. मराठीतही ‘बरा’चं ‘बराच’ झालं की गुण मागे पडतो आणि प्रमाण पुढे येतं. दोन भाषा इतक्या दूर राहून एकाच वळणावर पोचल्या, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

‘थिंक बेटर ऑफ इट’ म्हणजे करायला निघालेली गोष्ट विचारांती सोडून देणं. ‘शी वॉज अबाउट टू रिप्लाय बट थॉट बेटर ऑफ इट’: ती उत्तर देणार होती, पण मग तिला वाटलं, न दिलेलं बरं. ‘गेट द बेटर ऑफ’ म्हणजे मात करणं. भावनेबद्दल असेल तर आवर न घालता येणं. ‘क्युरिऑसिटी गॉट द बेटर ऑफ हिम’, त्याला उत्सुकता आवरली नाही.

एक जोडी कानाला फसवते. ‘जाणणे’ या अर्थाचा ‘नो’ आणि नकाराचा ‘नो’ सारखेच ऐकू येतात. ‘यू शुड नो बेटर’ म्हणजे तुला एवढं कळायला हवं. ‘धिस इज नो बेटर’ म्हणजे हेही तितकंच वाईट. आधी ‘शुड’ किंवा कर्ता आला तर जाणण्याचा, ‘इज’ किंवा ‘वॉज’ आला तर नकाराचा.

नाम म्हणून ‘अ चेंज फॉर द बेटर’ म्हणजे चांगल्यासाठी झालेला बदल. क्रियापद म्हणून ‘नोबडी हॅज बेटर्ड दॅट रेकॉर्ड’ म्हणजे तो विक्रम कुणी मागे टाकलेला नाही. वाचताना ओळखता आले की पुरे.

उच्चाराचं थोडक्यात: ‘बे’मधला ए आखूड ठेवावा, मराठी ‘बेट’मधल्यासारखा लांबवू नये. ब्रिटिश उच्चारात शेवटचा र सहसा ऐकू येत नाही. अमेरिकन उच्चारात मधला ट मऊ होतो आणि आपल्या कानाला ‘बेडर’सारखा वाटतो. चित्रफिती बघताना हा ‘बेडर’ ओळखता आला की बरंच सोपं जातं.

सराव

पुढची पाच वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मगच उत्तरं बघा. एक: आता तिला खूपच बरं वाटतंय. दोन: त्यांचं घर आमच्यापेक्षा चांगलं आहे. तीन: त्याला आत्ता न उठवलेलं बरं. चार: ती वर्गातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं लिहिते. पाच: यात सकाळचा बराचसा वेळ गेला.

उत्तरं. पहिल्याचं ‘शी इज फीलिंग मच बेटर नाउ’. ‘व्हेरी बेटर’ लिहिलं असेल तर दुसरी पायरी पुन्हा वाचा. दुसऱ्याचं ‘देअर हाउस इज बेटर दॅन अवर्स’. ‘दॅन अस’ नाही. तिसऱ्याचं ‘वुई हॅड बेटर नॉट वेक हिम नाउ’. ‘टू वेक’ नाही. चौथ्याचं ‘शी राइट्स बेटर दॅन एनिवन एल्स इन द क्लास’. ‘एल्स’ राहिला असेल तर तिसरी पायरी. पाचव्याचं ‘धिस टुक द बेटर पार्ट ऑफ द मॉर्निंग’. ‘मोस्ट ऑफ द मॉर्निंग’ लिहिलं असेल तर तेही बरोबर.